मोफत शस्त्रक्रियेचा खर्च

तालुक्याच्या गावी मोतीबिंदूचं शिबिर भरतं तेव्हा ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात सकाळी आठपासून रांग लागते. त्या रांगेत बाप्यांपेक्षा बाया कमी नसतात, उलट थोड्या जास्तच असतात. अनेक रुग्णालयांच्या रजिस्टरातही निम्म्याहून अधिक नावं बायकांची सापडतात. हे पाहून कुणालाही वाटेल, की डोळ्यांच्या बाबतीत तरी आपल्याकडे बाई मागे राहिलेली नाही.

आता दुसरे आकडे पाहू. केंद्र सरकारने 2015 ते 2019 या काळात देशातल्या निवडक जिल्ह्यांत घरोघर जाऊन अंधत्वाची पाहणी केली. पन्नाशी गाठलेल्या पुरुषांमध्ये अंधत्वाचं प्रमाण 1.67 टक्के निघालं, तर त्याच वयोगटातल्या स्त्रियांमध्ये 2.31 टक्के. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी भारतात झालेल्या अशा अनेक पाहण्या एकत्र करून 2020 साली हिशेब मांडला. त्यांच्या मते पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांना अंधत्व येण्याची शक्यता 35 टक्क्यांनी जास्त आहे, मोतीबिंदूमुळे अंधत्व येण्याची 69 टक्क्यांनी जास्त आहे, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होण्याची शक्यता मात्र 27 टक्क्यांनी कमी आहे.

रांगेत बायका जास्त आणि आंधळ्याही बायकाच जास्त, असं कसं? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात हे समजून घेतलं की या प्रश्नाचं अर्धं कोडं सुटतं.

एक काल्पनिक गट घेऊ. एका तालुक्यात मोतीबिंदूमुळे आंधळी झालेली शंभर माणसं आहेत, त्यात साठ बायका आणि चाळीस पुरुष. चाळीस पुरुषांपैकी बत्तीस जणांची शस्त्रक्रिया होते, साठ बायकांपैकी एकोणचाळीस जणींची. रुग्णालयाचं रजिस्टर काय सांगेल? एकूण शस्त्रक्रिया 71, त्यांपैकी स्त्रिया 39, म्हणजे 55 टक्के. वार्षिक अहवालात हा आकडा मोठ्या अक्षरांत छापला जाईल. पण गरज असलेल्या पुरुषांपैकी 80 टक्क्यांना शस्त्रक्रिया मिळाली आणि बायकांपैकी 65 टक्क्यांना. जे मागे राहिले त्यांत आठ पुरुष आणि एकवीस बायका. रजिस्टरात फक्त आलेल्यांची नोंद होते. न आलेल्यांची नोंद कुठेच होत नाही.

म्हणूनच या क्षेत्रातली अभ्यासू मंडळी रुग्णालयाच्या आकड्यांवर विसंबत नाहीत. गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, प्रत्येक ठिकाणी पन्नाशीच्या पुढची पन्नासेक माणसं घरी जाऊन तपासायची, वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेली इंग्रजी 'ई' ची चिन्हं दाखवून दोन्ही डोळ्यांची नजर मोजायची, आणि दिसत नसेल तर का दिसत नाही आणि उपचार का घेतले नाहीत हे तिथेच विचारायचं, अशी ही पद्धत आहे. आपल्या सरकारी पाहणीतही तीच वापरली गेली. अंधत्वाची व्याख्या कडक आहे: निरोगी नजरेला जे साठ मीटरवरून दिसतं ते ज्याला तीन मीटरवरूनच दिसतं, त्याच्याही पलीकडे गेलेली नजर. सोप्या भाषेत, दहा फुटांवर धरलेली बोटंही जिला मोजता येत नाहीत ती बाई.

हे चित्र केवळ आपल्याकडचं नाही. 2021 साली लॅन्सेट नियतकालिकाच्या जागतिक नेत्रआरोग्य आयोगाने जगभरात 110 कोटी लोकांना कुठला ना कुठला दृष्टिदोष असल्याचा अंदाज दिला, त्यांतल्या 55 टक्के स्त्रिया आणि मुली. त्याच्या वीस वर्षं आधी, 2001 साली, सुझन लेवॉलन, पॉल कोर्टराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या पाहण्या एकत्र तपासल्या होत्या. आशियात आणि आफ्रिकेत वयाचा फरक वजा करूनही स्त्रियांमध्ये अंधत्व सुमारे 1.4 पट निघालं. श्रीमंत देशांतही फरक होताच.

'वयाचा फरक वजा करून' हे महत्त्वाचं. कारण या विषयावर पहिलं उत्तर येतं ते हेच, की बायका जास्त जगतात आणि मोतीबिंदू म्हातारपणाचा आजार आहे, मग आकडा जास्त दिसणारच. त्यात तथ्य आहे. भारतात स्त्रीचं सरासरी आयुर्मान पुरुषापेक्षा काही वर्षांनी अधिक आहे. पण तेवढ्याने हिशेब मिटत नाही.

शरीराचा आणि कामाचाही थोडा भाग आहे. डोळ्यातलं भिंग प्रथिनांचं बनलेलं असतं. ती प्रथिनं वयाबरोबर एकमेकांना चिकटतात आणि भिंग उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं गढूळ होत जातं. हे सगळ्यांचंच होतं, पण चुलीचा धूर त्याला हातभार लावतो. नेपाळ आणि भारताच्या सीमेवरच्या एका नेत्ररुग्णालयात स्त्रीरुग्णांवर झालेला अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. धूर बाहेर जायला वाट नसलेल्या घरात लाकूड-गोवऱ्यांवर स्वयंपाक करणाऱ्या बायकांमध्ये मोतीबिंदूचा धोका जास्त आढळला. उज्ज्वला योजनेतला गॅस घरात आला म्हणून आधीची चाळीस वर्षं पुसली जात नाहीत. आज साठीत असलेल्या बाईच्या डोळ्यांनी तो धूर घेऊन झालेला आहे.

खुपऱ्यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. हा जिवाणूंमुळे होणारा संसर्ग लहान मुलांच्या हातांतून, नाका-डोळ्यांच्या पाण्यातून आणि टॉवेल-पदरातून पसरतो. पुन्हा पुन्हा झाला की पापणीला आतून वण पडतात, पापणीचे केस आत वळतात आणि प्रत्येक उघडझापीला बुबुळावर घासतात. पुरुषांपेक्षा बायकांना या आजाराने अंधत्व येण्याचं प्रमाण जगभर दुपटीपासून चौपटीपर्यंत आढळलं आहे. स्त्रीच्या पापणीत वेगळं काही नसतं. पोराचं नाक पुसणारा हात तिचा असतो, एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2024 मध्ये भारतातून खुपऱ्यांचा सार्वजनिक आरोग्याला असलेला धोका संपल्याचं जाहीर केलं. ही मोठी गोष्ट आहे, आणि तिची बातमी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांत हरवली, हे माझं गाऱ्हाणं आहे. इथिओपियासारख्या देशांत मात्र हा आजार अजून ठाण मांडून आहे.

तरीही आपल्याकडच्या अंधत्वाचं मुख्य कारण मोतीबिंदूच. 2015-19 च्या पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वातला जवळपास दोन तृतीयांश वाटा त्याचा होता. मोतीबिंदूवर इलाज आहे, खात्रीचा आहे, कुशल सर्जनच्या हाताला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि सरकारी रुग्णालयात तो मोफत होतो. इथेच माझा मुद्दा येतो. मोफत शस्त्रक्रियेलाही खर्च असतो, आणि बाईच्या बाबतीत तो भरणं तिच्या हातात नसतं.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 साली सुरू झाला. त्या काळी शाळेच्या वर्गांत, धर्मशाळांत, तंबूंत शस्त्रक्रिया होत. गढूळ भिंग काढून टाकायचं आणि जाड काचांचा चष्मा द्यायचा, अशी रीत होती. पुढे डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याचं तंत्र आलं. 1994 पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोठा मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला, त्यात महाराष्ट्रही होता. याच काळात तंबूतली शस्त्रक्रिया मागे पडली. गावात फक्त तपासणी करायची आणि रुग्णाला गाडीत घालून सुसज्ज रुग्णालयात न्यायचं, असा नवा शिरस्ता झाला. वैद्यकीयदृष्ट्या हा बदल शंभर टक्के योग्य होता. संसर्ग कमी झाले, नजर चांगली येऊ लागली. पण पूर्वी गावच्या शाळेत होणारी गोष्ट आता पन्नास-साठ किलोमीटरवर, रात्रीच्या मुक्कामाने होऊ लागली. पुरुषासाठी ही गैरसोय होती, बाईसाठी ती घराच्या संमतीची बाब झाली.

त्या संमतीत काय काय येतं ते पाहा. सोबत कोण जाणार? सत्तरीची बाई एकटी जात नाही. मुलगा गेला तर त्याचा दोन दिवसांचा रोज बुडतो, सून गेली तर घर कोण बघणार? महाराष्ट्रात ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे. चांगलीच सोय आहे. पण सोबतच्या मुलाला पूर्ण तिकीट पडतं आणि बुडालेल्या रोजाला सवलत नाही. मग परतल्यावरचं पथ्य. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, धुराजवळ जायचं नाही, जड उचलायचं नाही, दिवसातून चार-सहा वेळा थेंब घालायचे, आठवड्याने पुन्हा दाखवायला यायचं. पुरुषाला हे सांगितलं की तो ओसरीवर बसतो आणि थेंब घालायला घरात माणसं असतात. बाईला सांगितलं की पाणी कोण भरणार, भाकऱ्या कोण थापणार, गोठ्यात कोण जाणार, असे तीन प्रश्न उभे राहतात. मग 'पेरणी होऊ दे', 'दिवाळी उरकू दे', 'नातसून बाळंत होऊ दे' असं करत मुहूर्त पुढे जातो. तोवर तिला आणखी कमी दिसू लागलेलं असतं.

आणि ती स्वतः काय म्हणते? 'आता काय बघायचं राहिलंय माझं?' हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक नेत्रतज्ज्ञाने ऐकलेलं असणार. ते निराशेचं वाटतं, पण बहुतेक वेळा तो हिशेब असतो. जमीन तिच्या नावावर नाही, पेन्शन नाही, नवरा असलाच तर त्याच्या मर्जीने, नसला तर मुलाच्या. आपल्यावर खर्च करा असं सांगण्याचा हक्क तिला कधी कुणी दिलेला नसतो, म्हणून ती गरजच नाकारते. टांझानियातल्या किलिमांजारो भागात 2005 च्या सुमाराला झालेल्या एका अभ्यासातही म्हातारी माणसं मुलांकडे थेट मागणी करत नाहीत आणि निर्णय घरातल्या नात्यांच्या ताणातून होतो, असंच आढळलं. किलिमांजारो आणि मराठवाडा यांत अंतर बरंच आहे, पण सासूच्या मनातला संकोच तोच.

घरालाही तिचं न दिसणं दिसत नाही. पुरुषाची नजर गेली की लगेच बोभाटा होतो. मोटरसायकल चालवता येत नाही, बाजारात नोटा ओळखता येत नाहीत, सातबाऱ्यावर अंगठा कुठे लावायचा ते कळत नाही. बाई मात्र तीस-चाळीस वर्षं त्याच स्वयंपाकघरात वावरलेली असते. मिठाचा डबा कुठे आणि मोहरीची वाटी कुठे हे तिच्या हाताला पाठ असतं. नजर अर्धी झाली तरी घर चालत राहतं. तांदळात खडा निघाला की जेवणारा कुरकुरतो आणि पुढच्या दिवसापासून तांदूळ निवडायला नात बसते. आजीचा हात धरून शेताला, देवळाला नेणं हेही बहुधा नातीकडेच येतं, आणि तिची शाळा बुडते. एका बाईच्या मोतीबिंदूचा खर्च असा दुसऱ्या मुलीच्या खात्यावर पडतो.

अंतर हा आणखी एक गाळणारा दरवाजा. एम्सच्या बाह्यरुग्ण विभागात 2016 साली आलेल्या सुमारे 24 लाख रुग्णभेटींचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. तो केवळ डोळ्यांपुरता नव्हता, पण इथे लागू पडतो. एका स्त्रीमागे 1.69 पुरुष असं प्रमाण निघालं, आणि घर जितकं लांब तितकं ते आणखी बिघडत गेलं. बिहारमधून येणाऱ्यांत तर ते दुपटीहून वर होतं. चार राज्यांमधून सुमारे चार लाख स्त्रिया यायला हव्या होत्या आणि आल्या नाहीत, असा संशोधकांचा अंदाज होता.

आता चष्म्याकडे येऊ, कारण या विषयात मोतीबिंदूवरच सारं बोलणं संपतं आणि चष्मा कुणी विचारत नाही. चाळिशी लागते तेव्हा डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं स्पष्ट दिसेनासं होतं. स्त्रियांना चाळिशी लवकर लागते असं फार दिवसांपासून म्हटलं जात होतं. 2012 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा गंमत अशी निघाली, की स्त्रीचं भिंग लवकर म्हातारं होत नाही. तिचे हात आखूड असतात आणि तिची कामं डोळ्याच्या जास्त जवळची असतात. सुईत दोरा ओवणं, खडे वेचणं, मेथी निवडणं, लेकराच्या केसांतल्या उवा काढणं, विड्या वळणं, गोधडी शिवणं. म्हणजे जवळचा चष्मा तिला पुरुषाच्या आधी आणि थोडा जास्त नंबरचा लागतो. तो असतो मात्र नवऱ्याकडे, कारण तो पेपर वाचतो.

या साध्या चष्म्याची किंमत काय, हे आसामात मोजलं गेलं. चहाच्या मळ्यात पानं खुडण्याचं काम प्रामुख्याने बायका करतात. चाळिशीच्या पुढच्या 751 खुडणाऱ्यांना दोन गटांत विभागलं. एका गटाला लगेच जवळचा चष्मा दिला, दुसऱ्याला अभ्यास संपल्यावर. चष्मेवाल्या गटाने दुसऱ्या गटापेक्षा 21.7 टक्के जास्त पानं खुडली. पन्नाशीपुढच्या कामगारांत हा फरक 31.6 टक्क्यांवर गेला. 2018 साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये हे प्रसिद्ध झालं. बांगलादेशात कारागीर, शिंपी, विणकर अशा माणसांवर झालेल्या आणि 2024 मध्ये छापल्या गेलेल्या अभ्यासात जवळच्या चष्म्याने मासिक कमाई 33.4 टक्क्यांनी वाढली. कुठल्याही बचतगटाला दिलेल्या कर्जाने इतक्या स्वस्तात इतकी वाढ होत असेल असं मला वाटत नाही. महिला बचतगटांच्या शिलाई मशीनसोबत पन्नास-शंभर रुपयांचे जवळचे चष्मे का वाटले जात नाहीत, हा प्रश्न कुणीतरी मंत्रालयात विचारायला हवा.

मुलींच्या बाबतीत चष्म्याचं दुखणं वेगळं. आपल्या लग्नाच्या बायोडेटात आणि वधूवर सूचक मंडळांच्या फॉर्मात उंची, रक्तगट, वर्ण यांच्या शेजारी 'चष्मा: आहे / नाही' असा रकाना असतो. तो मुलग्यांच्याही फॉर्मात असतो हे खरं, पण त्यावरून कुणा मुलग्याचं स्थळ मोडल्याचं ऐकिवात नाही. शाळेतल्या तपासणीत नंबर निघूनही चष्मा पेटीत ठेवणारी मुलगी, फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवून घेणारी मुलगी, ही त्या रकान्याचीच देणगी. शहरात लेन्स आणि लेसर आल्याने हे थोडं सैल झालंय, पण त्यासाठी पैसे लागतात.

जन्मजात मोतीबिंदूचं तर सांगवत नाही. मोठ्या माणसाची शस्त्रक्रिया दोन वर्षं उशिरा झाली तरी नजर परत येते. तान्ह्या बाळाचं तसं नसतं. मेंदूला बघायला शिकावं लागतं आणि ते शिकण्याचे महिने ठरलेले असतात. ते निघून गेले की भिंग कितीही चांगलं बसवा, डोळा आळशी राहतो. गरीब देशांतल्या रुग्णालयांतल्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासांत असं दिसतं, की शस्त्रक्रियेसाठी आणलेल्या मुलांमध्ये मुलींचा वाटा मुलग्यांपेक्षा बराच कमी असतो. हा आजार मुलगा-मुलगी बघून होत नाही. रुग्णालयात कुणाला न्यायचं हे बघून ठरतं.

मग काय केल्याने फरक पडतो? याचीही उत्तरं आहेत आणि ती बरीच जुनी आहेत.

मदुराईला डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी 1976 मध्ये अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. 1992 मध्ये त्यांच्या संस्थेने ऑरोलॅब काढून कृत्रिम भिंगं इथेच बनवायला घेतली आणि परदेशी भिंगांच्या तुलनेत किंमत फारच खाली आली. शिबिरं मोफत, भिंग स्वस्त, सर्जन उत्तम. तरीही 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्यांच्या शिबिरांच्या पट्ट्यातल्या खेड्यांत डोळ्यांचा त्रास असलेल्यांपैकी जेमतेम सात टक्के माणसं शिबिराला गेल्याचं दिसलं. हा आकडा संस्थेने झाकून ठेवला नाही, हे तिचं मोठेपण. शिबिर वर्षातून एकदा येतं आणि त्या दिवशी घरात काही ना काही असतंच, हे ओळखून त्यांनी 2004 पासून लहान गावांत कायमची दृष्टिकेंद्रं उघडली. एका खोलीत प्रशिक्षित तंत्रज्ञ, डोळा तपासण्याचं यंत्र, आणि पडद्यावर मदुराईतला डॉक्टर. बाजाराला आलेली बाई सहज डोकावू शकते. तिला कुणाची सोबत लागत नाही, आणि डोळे तपासायला जायचंय म्हणून परवानगीही मागावी लागत नाही.

तपासणारी व्यक्ती कोण, यानेही फरक पडतो. अरविंदमध्ये तपासणी, चष्म्याचा नंबर, शस्त्रक्रियेची तयारी ही बरीचशी कामं खेड्यांतून आलेल्या, बारावीनंतर दोन वर्षांचं प्रशिक्षण घेतलेल्या मुली करतात. आपल्या नातीसारखी दिसणारी मुलगी डोळ्यात थेंब घालतेय म्हटल्यावर म्हातारी निम्मी निर्धास्त होते. दक्षिण भारतात झालेल्या आणि 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना शस्त्रक्रियेसाठी तयार करण्याचे वेगवेगळे मार्ग ताडून पाहिले गेले. प्रवास आणि जेवणाचा खर्च उचलल्याने प्रतिसाद वाढला, आणि ज्याची स्वतःची शस्त्रक्रिया झालेली आहे असा माणूस घरी येऊन बोलला तर आणखी वाढला. पत्रकं, भोंगे, गाडीवरची घोषणा यांपेक्षा शेजारच्या आळीतल्या आक्काने 'मला आता सुईत दोरा ओवता येतो' म्हणणं जास्त चालतं.

आपल्याकडे हे काम करू शकेल अशी व्यवस्था आधीपासून आहे. गावोगावी आशाताई आहेत. कुणाच्या घरी कोण म्हातारी भिंतीला धरून चालते हे त्यांना माहीत असतं. त्यांच्या वहीत गरोदर बायांची, लसीच्या बाळांची यादी असते. पन्नाशीपुढच्या बायांच्या नजरेची यादीही त्यात असली, आणि तिचा हिशेब शस्त्रक्रिया किती झाल्या यापेक्षा किती राहिल्या यावर मागितला गेला, तर चित्र हलेल. अडचण एवढीच, की आशाताईंवर आधीच इतकी कामं लादली आहेत, की त्यात आणखी एक टाकताना मानधनाचा विचारही करावा लागेल. फुकटची कामं बाईवर टाकून बाईचा प्रश्न सोडवण्यात काही अर्थ नाही.

जागतिक आरोग्य सभेने 2021 मध्ये 2030 साठी उद्दिष्ट ठरवलं, त्यातही शब्द महत्त्वाचा आहे: मोतीबिंदूच्या 'परिणामकारक' शस्त्रक्रियेचं प्रमाण 30 टक्के-अंकांनी वाढवायचं. म्हणजे शस्त्रक्रिया झाली एवढं पुरेसं नाही, नंतर नीट दिसलंही पाहिजे. या मापावरही अनेक देशांत स्त्रिया मागे पडतात. त्या उशिरा येतात, नंतरच्या तपासणीला पुन्हा येत नाहीत, शस्त्रक्रियेनंतर लागणारा चष्मा करून घेत नाहीत, आणि एका डोळ्याने भागतंय म्हणून दुसरा तसाच राहतो. लेवॉलन आणि कोर्टराइट यांनी 2009 मध्ये मांडलेला अंदाज असा, की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत स्त्रियांना पुरुषांइतक्याच प्रमाणात शस्त्रक्रिया मिळू लागल्या, तर मोतीबिंदूमुळे येणारं अंधत्व आणि तीव्र दृष्टिदोष सुमारे 11 टक्क्यांनी कमी होतील. नवं औषध नको, नवं यंत्र नको.

सरकार करेल ते करेल. तुमच्या घरात आई, सासू, आत्या, मावशी, कामाला येणाऱ्या बाई, यांपैकी कुणी पन्नाशीपुढचं असेल तर 'दिसतंय ना?' असं विचारू नका. 'दिसतंय की' हेच उत्तर येईल. एक डोळा तळहाताने झाकायला सांगा आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचायला लावा, मग दुसरा. अक्षरओळख नसेल तर दहा फुटांवरून बोटं दाखवा. ती मोजता आली नाहीत तर प्रकरण फार पुढे गेलं आहे असं समजा. एक डोळा जरी कमी निघाला तरी तपासणीची तारीख तुम्हीच ठरवा, सोबत कोण जाणार तेही ठरवा, आणि ती परत आल्यावर आठवडाभर स्वयंपाकघर कोण सांभाळणार हे तिच्यासमोरच पक्कं करा. जिल्हा रुग्णालयात भिंगासकट शस्त्रक्रिया मोफत होते.